रहस्यपट आणि पुराव्याची चाड

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत सकाळच्या वेळी घटकाभर उभे राहून गिऱ्हाइकांच्या हातांकडे पाहावे. भेंडी घ्यावयास आलेली बाई भेंडीचे टोक मोडून पाहते. ते कटकन मोडले तर भेंडी कोवळी, नुसते वाकले तर जून. वांगे घेताना ती देठ पाहते, साल दाबून पाहते आणि बारीकसे छिद्र दिसले की ते वांगे मुकाट्याने बाजूला सारते. "सकाळचाच माल आहे, ताई," असे विक्रेता शपथेवर सांगत असतो. पण त्याच्या शपथेला, कपाळावरच्या गंधाला किंवा गोड बोलण्याला ती काडीइतकीही किंमत देत नाही. वस्तू हातात घ्यावयाची, तिच्यावरच्या खुणा पाहावयाच्या आणि मग निर्णय करावयाचा, ही तिची रीत. १८८६ साली 'रे मार्केट' या नावाने अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत उभी राहिली. तेव्हापासून या रीतीत खंड पडलेला नाही.

या मंडईलगतच १९१५ साली बापूसाहेब पाठक यांनी 'आर्यन' हे पुण्यातील पहिले चित्रगृह काढले. आज ते चित्रगृह नाही. त्या जागी वाहने उभी राहतात. चित्रगृहे गेली, चित्रपट मात्र घरोघरी आला. आणि भाजीची पिशवी घरी ठेवून चित्रपट पाहावयास बसलेला आमचा प्रेक्षक आपली परीक्षकवृत्तीही पिशवीबरोबरच ठेवून येतो, असे आमचे निरीक्षण आहे. पडद्यावर के. एन. सिंग यांची एक भुवई वर चढली, की खून कोणी केला हे त्याला कळून चुकते. पुरावा त्याने मागितलेला नसतो, कोणी त्याला दिलेलाही नसतो. भेंडीचे टोक मोडल्याशिवाय भेंडी न घेणारा हा सुजाण समाज माणसाचा अपराध मात्र न तपासता घेतो. ही विसंगती आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. आणि तिच्याविषयी लिहिण्यास निमित्त झाले आहे ते हॉलिवूडच्या जुन्या रहस्यपटांविषयी आपल्याकडील सुशिक्षितांत रूढ असलेल्या मतांचे.

साधारणपणे १९३० ते १९५० या काळात अमेरिकेतील मोठ्या चित्रसंस्थांनी गुप्तहेरांच्या कथांवर शेकडो चित्रपट काढले. या चित्रपटांविषयी आपल्याकडे दोन पंथ आढळतात. पहिला पंथ नीतिवाद्यांचा. त्यांच्या मते खून, चोरी आणि पिस्तुले यांवाचून ज्यांत दुसरे काही नाही, असे हे चित्रपट तरुण मनावर अनिष्ट परिणाम करितात. ते पाहण्यापेक्षा मुलांनी पाढे म्हटलेले बरे. दुसरा पंथ रसिकांचा. फ्रान्समधील टीकाकारांनी १९४६ च्या सुमारास अशा काही चित्रपटांना 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. तेव्हापासून हा पंथ त्यांतील अंधाऱ्या जिन्यांवर, पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यांवर आणि सिगारेटच्या धुरावर लुब्ध आहे. त्यांना विचारावे, की खून कोणी केला आणि तो कशावरून ठरला? ते हसून म्हणतात, "छे, छे! तो प्रश्न बाळबोध आहे. सावल्या पाहा." पहिला पंथ या चित्रपटांना घराबाहेर घालवितो, दुसरा त्यांना देव्हाऱ्यात बसवितो, परंतु या चित्रपटांत जे खरोखर मोलाचे आहे, त्याकडे दोघेही पाठ फिरवून बसले आहेत. ते मोलाचे द्रव्य म्हणजे पुराव्याची चाड. हे आमचे प्रतिपाद्य. आता ते सिद्ध केले पाहिजे.

उदाहरणे देताना काही कथांचे रहस्य फोडणे आम्हांस प्राप्त आहे. ज्यांनी ते चित्रपट पाहिलेले नाहीत, त्यांनी क्षमा करावी. पण ज्या चित्रपटाला आठ दशके उलटून गेली, त्याचे रहस्य राखण्याची जबाबदारी लेखकावर किती काळ असावी, यालाही काही मर्यादा आहे.

'द मॉल्टीज फाल्कन' हा १९४१ सालचा चित्रपट घ्या. डॅशिएल हॅमेट यांच्या कादंबरीवरून वॉर्नर ब्रदर्स या संस्थेने काढलेला हा तिसरा चित्रपट; आधीचे दोन आज फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत. जॉन ह्यूस्टन यांचे दिग्दर्शक म्हणून हे पहिलेच काम. कथेच्या आरंभी सॅम स्पेड या खाजगी गुप्तहेराचा भागीदार आर्चर एका इसमाच्या पाळतीवर जातो आणि एका बंद गल्लीच्या तोंडाशी गोळी लागून मरतो. स्पेड तेथे पोहोचतो. पोलीस त्याला दोन गोष्टी सांगतात: आर्चरचे पिस्तूल कमरेलाच होते, त्यातून गोळी सुटलेली नव्हती, आणि त्याच्या ओव्हरकोटाची बटणे लावलेली होती. बस, इतकेच. संवाद पुढे सरकतो, सोनेरी पक्ष्याच्या मूर्तीची मोठी गुंतागुंतीची कथा सुरू होते, लठ्ठ गृहस्थ येतात, बारीक गृहस्थ येतात, आणि प्रेक्षक ती बटणे विसरून जातो.

शेवटी स्पेड ती बटणे पुन्हा पुढे मांडतो. आर्चर फार बुद्धिमान नसेल. पण इतकी वर्षे या धंद्यात काढलेला माणूस, ज्याच्यावर पाळत ठेवावयाची त्याच्याच बरोबर अंधाऱ्या गल्लीत, कोटाची बटणे लावून, पिस्तुलाला हात न लावता जाईल काय? जाणार नाही. मग तो कोणाबरोबर जाईल? ज्या सुंदर स्त्रीने त्याला हे काम दिले होते, तिच्याबरोबर हसत हसत जाईल. ती स्त्री या वेळी स्पेडच्या समोर उभी आहे. तिच्यावर त्याचे मन जडले आहे. ती अश्रू ढाळीत आहे. तिचा चेहरा, तिचा आवाज आणि त्याचे स्वतःचे अंतःकरण हे तिन्ही साक्षीदार तिच्या बाजूने बोलत आहेत. विरुद्ध बाजूस फक्त कोटाची बटणे आहेत. स्पेड बटणांचे ऐकतो आणि तिला पोलिसांच्या स्वाधीन करितो.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की ही बटणे स्पेडला जेव्हा कळली तेव्हाच आपल्यालाही कळली होती. दिग्दर्शकाने काही लपवून ठेविले नव्हते. आपण चुकलो ते माहिती अपुरी होती म्हणून नव्हे; चेहरा पाहिला आणि बटणे पाहिली नाहीत, म्हणून. अशा कथेच्या शेवटी प्रेक्षकाला जी किंचित शरम वाटते, ती नीतिवाद्यांच्या शंभर उपदेशांहून अधिक हितकर आहे, असे आम्ही म्हणतो.

दुसरे उदाहरण 'द थिन मॅन' याचे. एम्. जी. एम्. संस्थेने १९३४ साली तो काढला आणि त्याचे चित्रीकरण अवघ्या दोन-तीन आठवड्यांत उरकले. निक आणि नोरा हे विनोदी, श्रीमंत दांपत्य, त्यांचा लहानसा कुत्रा, आणि नवराबायकोची सतत चाललेली थट्टा यांमुळे तो लोकप्रिय झाला आणि १९४७ पर्यंत त्याच्या मालिकेत एकूण सहा चित्रपट निघाले. एक संशोधक नाहीसा झालेला असतो. पुढचे सर्व खून त्यानेच केले, असे सर्वांनी गृहीत धरिलेले असते. मग एक पुरलेला सांगाडा सापडतो. त्याच्याबरोबरचे कपडे भल्या लठ्ठ माणसाचे. तेव्हा मेला तो कोणी लठ्ठ इसम, असे पोलीस ठरवितात. निक मात्र हाडांकडे पाहतो. पायाच्या हाडात जुन्या जखमेची खूण असते आणि तशी जखम त्या नाहीशा झालेल्या किडकिडीत संशोधकाला होती. ज्याला सारे जग खुनी म्हणून शोधीत होते, तो बिचारा स्वतःच पहिला बळी! कपडे खोटे बोलले, हाड खरे बोलले. आणि जो मनुष्य उत्तर देण्यास हजर नव्हता त्याच्यावर सर्वांनी दोष लादून मोकळे व्हावे, ही जगाची रीत उघडी पडली.

तिसरे उदाहरण १९४४ सालच्या 'लॉरा' या चित्रपटाचे. ऑटो प्रेमिंजर यांनी दिग्दर्शित केलेल्या या कथेत एका तरुण स्त्रीचा चेहरा गोळीने छिन्नविच्छिन्न झालेला असतो. घर लॉराचे, तेव्हा प्रेतही लॉराचे, असे तपासणारा अधिकारी मानून चालतो; तिच्या तसबिरीकडे पाहता पाहता तिच्या प्रेमातही पडतो. आणि चित्रपट अर्ध्यावर आलेला असताना लॉरा दार उघडून जिवंत आत येते. येथे अधिकाऱ्याची खरी कसोटी लागते. आतापर्यंत रचलेले सर्व अनुमान त्याला पुसून टाकावे लागते. इतकेच नव्हे, तर जिच्यासाठी तो झुरत होता तिलाच आता संशयितांच्या यादीत घालावे लागते. आपण चुकलो हे मान्य करून पाटी कोरी करण्याचे धैर्य किती न्यायाधीशांत, किती संपादकांत आणि किती सासवांत असते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता आक्षेपांकडे वळू. आमच्या बाजूची जी लंगडी स्थळे आहेत, ती झाकून ठेवणे हे या लेखाच्या विषयालाच लांच्छन होईल.

कोणी म्हणेल, की हे चित्रपट म्हणजे कारखान्यातला माल. हे खरे आहे. एका तिकिटात दोन चित्रपट दाखविण्याची तेव्हा अमेरिकेत पद्धत होती आणि दुसरा चित्रपट म्हणून तासासव्वा तासाच्या रहस्यकथा झपाट्याने तयार होत. बॅसिल रॅथबोन यांनी १९३९ ते १९४६ या काळात शेरलॉक होम्सचे चौदा चित्रपट केले. त्यांतील काही सुरेख, काही सामान्य, आणि बिचाऱ्या डॉक्टर वॉटसनचे तर त्यांनी विदूषकात रूपांतर करून टाकिले. पण मंडईत येणारा सर्वच माल चांगला असतो, असे कोण म्हणतो? नासकी वांगी येतात म्हणून वांगी खाणे कोणी सोडीत नाही, निवडून घेतो. निवडण्यासाठी कसोटी लागते, आणि ती कसोटी काय, हेच तर आम्ही सांगत आहो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये नीतिसंहितेचा अंमल कडक झाला. अपराध्याला शासन झालेच पाहिजे, असा दंडक होता. तेव्हा या चित्रपटांतील न्याय हा तर्काचा नसून कचेरीतील हुकुमाचा होता, असे म्हणता येईल. काही ठिकाणी ते म्हणणे पूर्णपणे लागू पडते. 'रेबेका' या कादंबरीत नवऱ्याने पहिल्या बायकोचा खून केलेला आहे. १९४० च्या चित्रपटात तोच मृत्यू अपघाती करून टाकिला. 'सस्पिशन' या १९४१ च्या चित्रपटाची गोष्ट तर याहून वाईट. मूळ कादंबरीतील नवरा खुनी आहे. चित्रपटात ती भूमिका कॅरी ग्रँट यांच्यासारख्या लाडक्या नटाने केली आणि सर्व खुणा त्याच्याकडे बोट दाखवीत असताना अखेरीस तो निर्दोष ठरला. येथे चेहऱ्याने पुराव्याचा पराभव केला, हे आम्ही बिनतक्रार मान्य करितो. मात्र हा दोष आम्हांस दोष म्हणून ओळखता येतो तो कशामुळे? उत्तम रहस्यपटांनी जी कसोटी आपल्या हाती दिली, तिच्यामुळेच.

तिसरा आक्षेप 'द बिग स्लीप' या १९४६ च्या चित्रपटावरून घेतात. त्या कथेतील मोटारचालकाला कोणी मारिले, हे चित्रपट करणाऱ्यांना उमगेना, म्हणून त्यांनी मूळ लेखक रेमंड चँडलर यांना विचारले, आणि चँडलर यांनाही ते सांगता आले नाही, अशी कथा प्रसिद्ध आहे. रसिकपंथ ही आख्यायिका मोठ्या अभिमानाने सांगतो: पाहा, उत्तराची गरजच नाही! आम्हांस त्या चित्रपटातील संवाद आवडतात, नायक-नायिकाही आवडतात. पण ज्या हिशेबाची बेरीज खुद्द लिहिणाऱ्याला लागत नाही, त्या हिशेबाला केवळ अक्षर सुंदर आहे म्हणून पूर्ण गुण देण्यास आम्ही तयार नाही.

चौथा आक्षेप आपल्या स्वाभिमानाशी निगडित आहे. हॉलिवूडच्या या चित्रपटांत पूर्वेकडील माणसाला कसे रंगविले? चार्ली चॅन हा चिनी गुप्तहेर फार गाजला. पण ती भूमिका करणारे वॉर्नर ओलंड हे जन्माने स्वीडिश होते, आणि त्यांच्या पश्चात ती ज्यांच्याकडे गेली ते सिडनी टोलर हेही चिनी नव्हते. पडद्याआडून डोकावणारा फेटेवाला हिंदू नोकर तर अशा कथांत संशयापुरताच नेमलेला असे. आक्षेप रास्त आहे. तरीही एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. विल्की कॉलिन्स यांची 'द मूनस्टोन' ही १८६८ सालची कादंबरी या साऱ्या परंपरेच्या मुळाशी आहे आणि १९३४ साली हॉलिवूडमध्ये तिच्यावरून चित्रपटही निघाला. हिंदुस्थानातून लुटून नेलेला एक हिरा इंग्लंडातील एका घरातून नाहीसा होतो. घराभोवती तीन ब्राह्मण वावरत असतात. तत्काळ त्यांना धरून कोठडीत घालतात. पण त्या रात्री ते दुसरीकडे होते, हे सिद्ध होते. घरात एक मोलकरीण असते, पूर्वी चोरीबद्दल शिक्षा भोगलेली; संशयाचे मोहोळ तिच्याभोवती उठते. तीही चोर नसते. शेवटी हिरा जाऊन पोहोचलेला असतो तो धर्मादाय सभांतून भाषणे करणाऱ्या एका सभ्य, गोऱ्या गृहस्थाकडे. ते ब्राह्मण पुढे धुतल्या तांदळासारखे राहतात असे नव्हे; पण ज्या चोरीसाठी त्यांना धरिले ती त्यांनी केलेली नव्हती. गोऱ्या वाचकाचा पूर्वग्रह आधी आमिष म्हणून वापरावयाचा आणि मग पुराव्याने तो खोटा पाडावयाचा, ही या वाङ्मयप्रकाराची किमया आहे. ज्या चित्रपटांनी आमिष तेवढे घेतले आणि पुरावा टाकिला, ते निकृष्ट. एवढाच याचा अर्थ.

आणि हे सारे परकीय आहे, असेही कोणी म्हणू नये. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे, हे अनुमान आपल्या नैयायिकांनी शतकानुशतके घोटले. धूर कोणता आणि धुके कोणते, हे ओळखता यावे म्हणून हेत्वाभासांची सबंध यादी त्यांनी केली. ज्या महात्म्याचे नाव या मंडईला दिलेले आहे, त्यांनी १८७३ साली पुण्यात स्थापिलेल्या समाजाचे नावच 'सत्यशोधक' असे होते. शोधावाचून सत्य हाती येत नाही, ही जाणीव आपल्याला परदेशातून आयात करावी लागत नाही. तिची सवय मोडली आहे, इतकेच.

ती कशी मोडली, हे आपल्या मनोरंजनाच्या इतिहासात दिसते. बाबूराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही नावे महाराष्ट्रातील मुलाबाळांच्या तोंडी होती. परंतु आमच्या समीक्षकांनी त्या कथांतील कोणत्या सकस आणि कोणत्या पोकळ, हे सांगण्याचे कष्ट घेतले नाहीत. पाठ्यपुस्तकात लपवून वाचावयाची वस्तू, एवढाच दर्जा त्यांना दिला. हिंदी चित्रपटाने रहस्य घेतले तेही बहुधा गाण्यांच्या मधल्या जागा भरण्यापुरते. 'बीस साल बाद' या १९६२ च्या चित्रपटाने होम्सच्या बास्करव्हिलची कथा उचलली. त्यातील धुके, हवेली आणि आर्त गीत लोकांच्या स्मरणात राहिले, होम्सचे अनुमान मात्र कोणाला आठवत नाही. १९६९ चा 'इत्तेफाक' हा गाण्यांवाचून काढलेला रहस्यपट आजही अपवाद म्हणूनच सांगितला जातो. आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' हे नाटक १९६२ पासून मराठी रंगभूमीवर विक्रमी गाजले. ते सबंध नाटक न्यायालयात घडते, साक्षीपुरावे होतात. तथापि प्रेक्षकाला लखोबा लबाड आहे हे पहिल्या प्रवेशापासून ठाऊक असते. प्रभाकर पणशीकरांची ती वेषांतरे पाहून आम्हीही टाळ्या पिटल्या आहेत. पण टाळी पडते ती सोंगाला, साक्षीला नव्हे, हे नमूद केले पाहिजे.

"असेना का!" असे वाचक म्हणतील. "चित्रपटगृहात माणूस घटकाभर डोके बाजूला ठेवून बसला, तर बिघडले काय?" बिघडते ते असे, की हाच प्रेक्षक उद्या न्यायासनावरही बसतो.

१९५९ च्या एप्रिल महिन्यात मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी, आपल्या पत्नीशी ज्यांचे संबंध जुळले होते त्या प्रेम आहुजा यांच्या घरी जाऊन त्यांच्यावर तीन गोळ्या झाडल्या. आहुजा मरण पावले; नानावटी स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. झटापटीत पिस्तूल उडाले, असा त्यांचा बचाव होता. आता पुराव्याकडे पाहा. आहुजा नुकतेच स्नान करून, कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर आले होते. गोळ्या लागून ते कोसळले तेव्हा तो टॉवेल जागच्या जागी होता. सुटलाही नव्हता, सैलही झाला नव्हता. पिस्तुलासाठी दोन पुरुषांची झोंबाझोंबी व्हावी आणि कमरेचा टॉवेल ढळू नये, हे कसे? सरकारी पक्षाने हा प्रश्न विचारला. आर्चरच्या कोटाची बटणे आणि आहुजांच्या कमरेचा टॉवेल यांत फरक तो किती? एक कल्पितातले, दुसरे प्रत्यक्षातले, एवढाच.

परंतु न्यायालयात उभा होता तो देखणा, पदके लावलेला, पांढऱ्या गणवेशातील नौदलाचा अधिकारी, फसविला गेलेला पती. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्याच्या बाजूने रान उठविले. न्यायालयाबाहेर गर्दी जयजयकार करू लागली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्याला निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पुराव्याशी विसंगत वाटला; त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले; तेथे तो कौल रद्द झाला, जन्मठेप झाली, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ साली नानावटींना माफी मिळाली. ती द्यावी की न द्यावी, हा दयेचा प्रश्न आहे, त्याच्याशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. कर्तव्य आहे ते त्या आठांशी. ते दुष्ट नव्हते, अडाणी नव्हते; मुंबईचे चारचौघांसारखे नागरिक होते. त्यांनी नायक ओळखला आणि टॉवेल पाहिला नाही. पुढे १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्यूरीला स्थानच उरले नाही.

चेहऱ्यावरून दिलेला न्याय आपल्या अंगावरही कसा येतो, याची आठवण याच मंडईत उभी आहे. येथे लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीतील सात युरोपियनांनी त्यांना दोषी ठरविले आणि दोघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष. एकाच न्यायालयात, तीच साक्ष ऐकून, मते पडली ती कातडीच्या रंगाप्रमाणे. त्या अन्यायाची चीड आपण अजून बाळगतो, आणि बाळगावी. पण तोच गुन्हा आपण घरी करीत नाही ना, हेही पाहावे.

घरात अंगठी दिसेनाशी झाली, की पहिली नजर कोणाकडे जाते? मोलकरणीकडे. ती आज लवकर का गेली, परवा पैसे का मागत होती, असे सारे प्रश्न एका क्षणात सुचतात. अंगठी शेवटची कोणी पाहिली, हा एकच प्रश्न सुचत नाही. चार दिवसांनी अंगठी तांदळाच्या डब्यात सापडते. तोवर त्या बाईची पिशवी दारात उलटी झालेली असते आणि ती परत येत नाही. पूर्वी असले निवाडे मंडईच्या कट्ट्यावर होत. पुणेकर विनोदाने त्या कट्ट्याला 'मंडई विद्यापीठ' म्हणत आणि तेथल्या पदव्या फारशा गंभीरपणे घेत नसत. आता तेच विद्यापीठ प्रत्येकाच्या खिशातल्या दूरध्वनीत शिरले आहे. कोठे गुन्हा घडला, की तासाभरात छायाचित्र फिरते, आडनाव फिरते, आणि हजारो लोक निकाल देऊन जेवावयास बसतात. के. एन. सिंग यांची भुवई पाहून खुनी ओळखण्याची जी सवय आम्ही गंमत म्हणून लावून घेतली, ती आता गंमत राहिलेली नाही.

म्हणून नीतिवाद्यांना आमचे सांगणे असे, की मुलांना या चित्रपटांपासून दूर ठेवून आपण त्यांना गुन्ह्यापासून नव्हे, तपासापासून दूर ठेवीत आहात. गुन्ह्याची चित्रे तर त्यांना वर्तमानपत्रांत आणि दूरध्वनीवर हवी तेवढी मिळतात. गुन्ह्याविषयी सबुरीने विचार कसा करावा, हे मात्र तेथे मिळत नाही. रसिकांना सांगणे असे, की सावल्या अवश्य पाहाव्यात. पण सावली कशाची आहे, हे विचारणे हा अरसिकपणा नव्हे. आणि आजच्या मराठी-हिंदी चित्रपटकारांना विनंती अशी, की हॉलिवूडची टोपी, पाऊस आणि सिगारेट आपण उचलली, त्याचबरोबर तेथील प्रामाणिकपणाही उचलावा: जे तपासणाऱ्याला दिसते ते प्रेक्षकालाही दाखवावे, आणि ज्याची ओळखच करून दिली नाही असा खुनी शेवटच्या पाच मिनिटांत छपरातून टाकू नये.

टीकाकारांनीही कोणत्याही रहस्यपटाचे परीक्षण करिताना निदान तीन प्रश्न विचारावेत. उत्तराला लागणाऱ्या सर्व खुणा आपल्यासमोर मांडल्या होत्या काय? अपराधी ठरला तो खुणांवरून, की रूप, पेशा, जात वा आडनाव यांवरून? आणि तपास करणाऱ्याला आपले मत बदलण्याचा एक तरी प्रसंग आला काय? या तिन्ही प्रश्नांना जो चित्रपट उतरेल, तो स्वस्तात निघालेला असला तरी चांगला. जो उतरणार नाही, तो कितीही श्रीमंती थाटाचा असला तरी नासका.

घरच्यांसाठी तर उपाय याहून सोपा आहे. रविवारी दुपारी कुटुंबातील सर्वांनी मिळून असा एखादा जुना चित्रपट पाहावा. शेवटची दहा मिनिटे राहिली, की तो थांबवावा. आणि आजोबांपासून नातीपर्यंत प्रत्येकाने नाव सांगावे. मात्र नावाबरोबर कारण सांगण्याची अट असावी, आणि "तो दिसतोच तसा" हे कारण धरू नये. ज्या आजीने सकाळी मंडईत भेंडीचे टोक मोडून पाहिले, तिचेच उत्तर बहुधा बरोबर येईल, अशी आमची अटकळ आहे. ते बरोबर आले, तर ती कशी पाहते हे बाकीच्यांनी तिला विचारून घ्यावे.